नवा वस्तरा धार का धरत नाही: दगडावर ठेवण्याआधी काय तपासायचं, नंतर काय करायचं

पेटीतून काढलेला नवाकोरा वस्तरा. हजारचा दगड झाला, आठ हजारचा झाला, कातडी पट्ट्यावर मारून झाला, तरी गालावर ओढतो. मुठीकडच्या बाजूला केस कापतो, पुढच्या टोकाला नुसता घसरतो. एका बाजूने लागतो, उलटा केला की लागत नाही. माणूस आपल्या हाताला दोष देतो आणि पुन्हा दगडाकडे वळतो. अशा तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा पात्याच्या मापात असतं, आणि ते माप दगडाला हात लावण्याआधी दहा मिनिटांत घेता येतं.

म्हणून पहिला नियम: आधी मोजायचं, मग घासायचं. पात्यावर दगडाचा एक ओरखडा दिसला की विक्रेता त्याला वापरलेला माल म्हणतो आणि परत घेत नाही. (सलूनमध्ये अर्धं ब्लेड लावून वापरतात तो प्रकार वेगळा. इथे सगळं पूर्ण पात्याच्या, दगडावर धार लावायच्या वस्तऱ्याबद्दल आहे.)

शब्द ठरवून घेऊ. दगडाचा आकडा म्हणजे त्याच्या कणांची बारकाई: आकडा मोठा तितका दगड बारीक. धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. मुठीजवळचा धारेचा शेवट म्हणजे टाच, पुढचा शेवट म्हणजे टोक. टाचेच्या मागे पातं एकदम जाड होतं तो खांदा. पाठ आणि धार यांच्यामधला पातळ, खोलगट भाग म्हणजे पोट. धारेला लागून दोन्ही बाजूंना दगडाने घासली जाणारी अरुंद चकचकीत पट्टी म्हणजे बेव्हल. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात, म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या भाषेत सुतात. पाच सुती पातं सुमारे १६ मिमी रुंद, सहा सुती १९ मिमी.

नव्या मालात हे दोष येतात कुठून

वस्तऱ्याची पाठ हीच त्याची कोन धरायची जिग, म्हणजे आधार, असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीवरून आपोआप ठरतो. सुरीला हाताने कोन सावरता येतो, इथे येत नाही. पाठ चुकली की धार चुकलीच.

पातं साधारण १ टक्का कार्बनच्या पोलादाचं असतं. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर, जाड पाठ आणि पातळ पोट वेगवेगळ्या वेगाने थंड होतात आणि पातं वाकतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या हीट ट्रीटमेंटच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. मग एकेक पातं बघून हलक्या ठोक्यांनी सरळ करावं लागतं. त्यानंतर दोन्ही पोटं खोलगट घासायची, तीही पातं तापू न देता. ही दोन कामं हाताची आणि वेळखाऊ. जिलेटच्या सेफ्टी रेझरला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढच्या दशकांत वस्तऱ्याची मागणी घटत गेली, तशी ही कामं शिकलेली माणसंही कमी होत गेली. आज घाई होते ती याच दोन टप्प्यांत.

पात्यावरच्या छापावर विसंबू नका. जर्मनीत ‘झोलिंगन’ या सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, पण तो कायदा मुख्यतः माल कुठे बनला याबद्दल बोलतो. तुमच्या हातातल्या पात्याची पाठ टाचेपासून टोकापर्यंत सारखी आहे की नाही, हे तो सांगत नाही. ‘सर्जिकल स्टील’ या छापाने तर पोलादाची नेमकी जात किंवा कठीणपणा काहीच कळत नाही.

दगडाआधीची तपासणी

लागणारं सामान कोल्हापुरात सहज मिळतं: ०.०२ मिमी मोजणारा व्हर्नियर, फीलर गेजचा (फटीत घालून मापायच्या पातळ पानांचा) संच, १० मिमी जाडीच्या काचेचा हातभर तुकडा, छोटा टॉर्च. ओळखीच्या वर्कशॉपमधली सरफेस प्लेट (अचूक सपाट केलेली प्लेट) मिळाली तर काचेपेक्षा उत्तम. १० पट मोठं दाखवणारं भिंग गुजरीत सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात विचारा.

पात्यावरचं तेल पुसून पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा: टाच, मध्य, टोक. त्याच तीन ठिकाणी रुंदी बघा, पण व्हर्नियरचा जबडा धारेला लावू नका. पातं स्टीलच्या पट्टीवर ठेवून नुसतं वाचा. मग हिशोब सोपा आहे. जाडीला रुंदीने भागायचं आणि ५७ ने गुणायचं, म्हणजे धारेचा पूर्ण कोन अंशांत मिळतो. १६ मिमी रुंदीला ४.५ मिमी पाठ असेल तर कोन १६ अंश, जसा हवा तसा. १५ ते १९ अंशांत असेल तर पुढे चला. १५ च्या खूप खाली गेलेली धार चुरते, १९ च्या वर गेलेली दाढी ओढते. पाठ कमी भरली तर पाठीवर टेप लावून कोन वाढवता येतो. पाठ जास्त भरली तर घरी करण्यासारखं काही नाही, वस्तरा परत करा.

टाचेपेक्षा टोकाकडे पाठ पातळ भरली म्हणून लगेच दोष धरू नका. काही पाती मुद्दाम टोकाकडे अरुंद आणि त्याच प्रमाणात पातळ केलेली असतात. तिन्ही ठिकाणचं गुणोत्तर सारखं येत असेल तर पातं बरोबर आहे. रुंदी तीच आणि जाडी मात्र ४.८ वरून ४.३ वर उतरली असेल, तर तो घासणाऱ्याचा दोष.

आता काच. पातं अलगद आडवं ठेवा, सरकवू नका. मागून टॉर्च धरा आणि धारेच्या रेषेखालून प्रकाश कुठे येतो ते पाहा. मग पाठीवर आळीपाळीने दोन्ही शेवटांना बोटाने हलकं दाबा. पातं नीट असेल तर गप्प राहतं. नसेल तर बारीक टक-टक ऐकू येते, आणि ती बोटालाही जाणवते. पातं उलटून दुसऱ्या बाजूनेही हेच करा, कारण निदान दोन्ही बाजूंची तुलना केल्यावरच होतं.

एका बाजूने मधे फट आणि उलटल्यावर मध्य टेकून दोन्ही शेवट वर, असं दिसलं तर पातं केळ्यासारखं वाकलेलं आहे. दोन्ही बाजूंनी मधेच फट दिसली तर पातं सरळ आहे, पण धारेची रेषा मधे आत गेलेली आहे. धार मधे ०.३ मिमी आत गेली असेल तर काचेवर जेमतेम ०.०४ मिमी फट दिसते, म्हणून ही खूण सहज सुटते. धारेला पट्टीची कड जवळ नेऊन खात्री करा.

पातं कोपऱ्यावरून कोपऱ्यावर डुलत असेल तर कुठले दोन कोपरे टेकतात ते लक्षात ठेवा. उलटल्यावर टेकणारी जोडी बदलली, तर पातं पिळलेलं आहे. दोन्ही बाजूंनी तीच जोडी टेकली, म्हणजे टाचेकडची पाठ आणि टोकाकडची धार, तर पीळ नाही, पाठीची जाडी कमीजास्त आहे. व्हर्नियर त्याला दुजोरा देईल: पाठीत अर्धा मिमी फरक असेल तर उचललेल्या कोपऱ्याखाली फीलरचं ०.२५ मिमीचं पान जाईल. ही दोन दुखणी दगडावर अगदी सारखी दिसतात, म्हणून त्यांचा निवाडा काचेवरच करा.

फट ०.०५ मिमीच्या पानालाही जागा देत नसेल तर विसरा. ०.१५ पर्यंतचा बाक घासण्याच्या पद्धतीने सांभाळता येतो. ०.२ च्या वर गेला तर परत पाठवा.

शेवटी भिंग. धार वर करून दिव्याखाली धरा आणि टाचेपासून टोकापर्यंत पाहा. खरी धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. जिथे चमकणारा ठिपका किंवा पांढरी रेघ दिसते, तिथे धार बोथट तरी आहे किंवा दाता पडलेला आहे. नव्या मालात ही पांढरी रेघ फार आढळते, कारण धार लावून झाल्यावर पात्याला पॉलिशच्या चाकावर चकाकी देतात आणि धार गोल होते. हा दोष दगडाने जातो, त्यासाठी परत करू नका. पण धारेपासून आत जाणारी केसाएवढी भेग दिसल्याचा संशय आला, तर फाउंड्रीतली रॉकेल-खडूची चाचणी करा: रॉकेल लावून पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा, वर खडूची बारीक पूड भुरभुरा. भेग असेल तर ओली काळपट रेघ उमटते. भेग गेलेलं पातं कुठल्याही सवलतीत ठेवून घेऊ नका.

परत करायचं ठरलं तर काचेवरच्या फटीचा टॉर्च लावून घेतलेला फोटो आणि तिन्ही ठिकाणच्या व्हर्नियरचे फोटो जोडा. ‘धार चांगली नाही’ असं लिहिलं तर वाद होतो, ‘पाठ टाचेला ४.८, टोकाला ४.३’ असं लिहिलं तर होत नाही. ऑनलाइन घेतलेला माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. तरी टाळाटाळ झाली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

ठेवायचा ठरला तर: दगडावर

पातं तपासलं तसा दगडही तपासा. मधे ०.१ मिमी खोल गेलेला दगड चांगल्या पात्यात खोटे दोष दाखवतो. दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर ३२० चा वॉटर पेपर पाणी मारून चिकटवा आणि चौकटी सगळीकडून एकसारख्या जाईपर्यंत दगड घासा.

मग काळ्या मार्करने दोन्ही बाजूंच्या बेव्हलला शाई लावा. आठ हजारच्या दगडावर फक्त पातं आणि बोटाचं वजन ठेवून तीन हलके हात मारा आणि भिंगातून बघा. शाई धारेच्या अगदी कडेला राहिली आणि मागची पुसली, तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही: कारखान्यात धार चढ्या कोनाची केली किंवा पॉलिशने गोल झाली. उलट कडेची गेली आणि मागची राहिली, तर तुम्ही टेप लावली आहे आणि कारखान्याने लावली नव्हती. यात बिघडलेलं काही नाही. टाचेची शाई तशीच आणि खांद्यावर मात्र नवा ओरखडा, तर जाड खांदा दगडावर चढून धारेला उचलतो आहे.

खांद्याची तक्रार नव्या वस्तऱ्यांत सर्वांत जास्त येते, आणि तिच्यावर लोक सर्वांत चुकीचा इलाज करतात: जोर देऊन दाबतात. दाबल्याने पातळ पोट वाकतं, टाच लागते, पण पाठ आणि मधली धार विनाकारण झिजते. पातं दगडाच्या कडेवरून तीन-चार मिमी बाहेर ठेवा, म्हणजे खांदा हवेत राहील, आणि पातं तिरकं धरून टाच पुढे ठेवत घासा. कायमचा उपाय हवा असेल तर टाचेचा खालचा कोपरा ४०० च्या डायमंड प्लेटवर घासून गोलसर करा. धार खांद्याच्या तीन-चार मिमी पुढे संपली पाहिजे. दर काही हातांनी पातं पाण्यात बुडवा.

वाकलेल्या पात्याच्या बाहेर आलेल्या बाजूला रुंद दगड चालतो: टाचेवर सुरू करून हात पुढे नेताना भार हळूहळू टोकाकडे सरकवायचा. आत गेलेल्या बाजूला रुंद दगड मधे कधीच पोचत नाही. तिथे २५ ते ४० मिमी रुंदीचा दगड वापरा किंवा रुंद दगडाच्या एका कडेवरच काम करा. पाणी दिलेलं पातं हाताने किंवा शिकंजात धरून सरळ करू नका, ते काचेसारखं तुटतं.

धारेची रेषा मधे आत गेलेली असेल तर पातं उभं धरून धार हजारच्या दगडावर हलकेच ओढा, रेषा सरळ होईपर्यंत. त्यानंतर धार उरत नाही, बेव्हल पुन्हा बसवावं लागतं. हे करताना मन घट्ट करावं लागतं, पण दुसरा मार्ग नाही.

बेव्हल बसवण्यासाठी पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर द्या. सुमारे ०.१३ मिमीचा थर पाच सुती पात्याचा कोन साधारण एक अंशाने वाढवतो आणि पाठ वाचवतो. टेप झिजून आरपार गेली की एकीकडे कोन बदलतो, म्हणून पन्नासेक हातांनंतर बदला. हजारच्या दगडावर प्रत्येक बाजूला तीस गोल फेऱ्या, मग दहा सरळ हात, आणि पुन्हा मार्कर. दोन्ही बाजूंची शाई कडेपर्यंत एका हातात गेली की दगडावरचं पाणी बघा. बेव्हल बसलं असेल तर पुढे जाताना पाण्याची बारीक रेघ धारेवरून पात्यावर चढते, टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी. जिथे ती तुटते आणि पाणी पात्याखाली शिरतं, तिथे अजून काम बाकी आहे. मनगटावरचे केस कातडीलगत, धारेच्या पूर्ण लांबीत जाईपर्यंत हजारचा दगड सोडू नका. इथे घाई केली तर पुढचे सगळे दगड नुसती चकाकी देतात.

पुढचं लवकर होतं: चार हजारवर तीस हात, आठ हजारवर चाळीस, बारा हजारवर वीस-तीस, दर दगडाला भार कमी करत. टोकाचा कोपरा काट्यासारखा टोकदार असेल तर हजारच्या दगडावर पाच-सहा हातांत अर्धा मिमी गोल करा, नाहीतर पहिला ओरखडा कानाजवळ उठेल.

धार येते, पण दोन दाढ्यांत जाते

हे मापाच्या दोषापेक्षा जास्त फसवं आहे. कारखान्यात घासताना धार तापली की त्या पातळ कडेचा कठीणपणा जातो. पोलाद साधारण ३०० अंशांना निळं पडतं, पण नंतरच्या पॉलिशने निळा रंग पुसला जातो आणि नजरेला काही सापडत नाही. लक्षणं अशी: दगडावर बर (धारेवर वळून येणारी पोलादाची बारीक कोर) पटकन येते आणि एकीकडून दुसरीकडे वळत राहते, पट्ट्यावर मारल्यावर धार मरते. जळलेला भाग बहुतेक वेळा फक्त कडेलाच असतो. पातं उभं धरून धारेचा ०.१ ते ०.२ मिमी भाग काढा आणि बेव्हल नव्याने बसवा. दोन-तीन वेळा असं केल्यावर आतलं चांगलं पोलाद लागलं तर वस्तरा आयुष्यभर टिकेल. तीन वेळा करूनही धार वळतच राहिली, तर पात्याला पाणीच कमी दिलेलं आहे आणि त्याला इलाज नाही.

काहीजण उद्यमनगरात कठीणपणाची रॉकवेल चाचणी करून घेतात. पातळ पोटावर १५० किलोचा भार दिला तर पातं मोडेल, म्हणून चाचणी शेपटीवर, म्हणजे पिनच्या मागे बोट टेकवायच्या भागावर, होते. पण बऱ्याच वस्तऱ्यांची शेपटी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. धारेला ६० च्या आसपास कठीणपणा हवा. शेपटीवर ४५ आला म्हणून धारेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तसंच वाकलेलं पातं सरफेस ग्राइंडरवर (सपाट घासायच्या यंत्रावर) द्यायचा मोह टाळा. त्या यंत्राचा चुंबकी चक, म्हणजे पातं धरून ठेवणारा पाट, पातं खेचून सपाट करतो, चाक ते सपाट घासतं, आणि चक सोडला की पातं पुन्हा वाकतं. आता पाठही कमी झालेली असते. सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे कात्री द्या, वस्तरा देऊ नका.

मूठ आणि पट्टा

वस्तरा मिटताना धार मुठीच्या आतल्या बाजूला घासत असेल तर कितीही धार लावा, रोज मिटताना ती जाईल. बहुतेक मुठींची पिन १.६ मिमी पितळेची असते. पिन सैल असेल तर सोनाराच्या छोट्या एरणीवर दोन्ही डोकी आळीपाळीने पंधरा-वीस हलक्या ठोक्यांनी बसवा. पातं एकाच बाजूला झुकत असेल तर त्या बाजूची लाकडी मूठ आतून पॉलिश पेपरने घासून जागा करा. पातं घासून जागा करू नका.

पट्ट्यासाठी कोल्हापुरी चपलेचं कातडं वापरता येतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पोलादावर छान चालतं. पण तळव्याचं जाड म्हशीचं कातडं घेऊ नका, ते ताठ असतं. अडीच-तीन मिमी जाडीचं, एकसारखं, ४५-५० सेंमी लांब आणि सात सेंमी रुंद मागा. बोटाने चाचपून गाठ किंवा घडी नाही ना ते बघा. कापडी पट्ट्यावर तीस, कातड्यावर साठ हात पुरतात. पट्टा सैल धरला की धार गोल होते, आणि दगडावरच्या दोन तासांचं काम वीस हातांत जातं.

त्याच कातड्याचं म्यान करून वस्तरा त्यात ठेवू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. कातडं ओल धरतं, हिरड्या-बाभळीचा अंश पोलादावर काळे डाग पाडतो आणि धारेवर पहिला खड्डा तिथेच पडतो. दाढी झाल्यावर पातं पुसा, कोरड्या पट्ट्यावर पाच-सहा हात मारा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पाठीकडून धारेकडे पसरवा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर, कापडात गुंडाळून ठेवा.